बारीक रेघ आधी ठरवा: जाड-बारीक देवनागरी टायटल फाँट काढायचा कसा आणि वापरायचा कुठं

काना म्हणजे अक्षराची उभी दांडी भरदार जाड आणि वळणावळणात रेघ एकदम केसासारखी बारीक, असे फाँट सगळ्यांनाच आवडतात. लग्नपत्रिकेवर, पैठणीच्या दुकानाच्या पाटीवर, दिवाळी अंकाच्या कव्हरवर असं एखादं नाव नीट बसलं की बाकी सजावट लागतच नाही. पण लातूर घ्या, नांदेड घ्या, परभणी नाहीतर संभाजीनगर घ्या, असा फाँट वापरलेली कितीतरी कामं बघवत नाहीत. बारीक रेघा गायब झालेल्या असतात, लांबून नुसते काने काने दिसतात, नाहीतर शेवटच्या क्षणी घाबरून भोवती आउटलाइन मारलेली असते आणि फाँटचा जीवच गेलेला असतो. कामून होतं असं? कारण सगळे जाड रेघेवर प्रेम करतात आणि बारीक रेघेचा विचार फाईल प्रेसला गेल्यावर सुरू होतो. माझं म्हणणं सरळ आहे, बारीक रेघ आधी ठरवायची, जाड रेघ तिच्या हिशोबानं.

हे काही मी नवीन सांगत नाही. युरोपात ही स्टाइल आली तीच मुळात कागद सुधारला म्हणून. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल यांनी १७५७ साली व्हर्जिल या रोमन कवीचं पुस्तक छापलं, त्यासाठी गुळगुळीत कागद, जास्त काळी शाई आणि छापलेला कागद गरम पत्र्यात दाबायची पद्धत वापरली, तेव्हा कुठं बारीक रेघ कागदावर टिकायला लागली. त्याच्यानंतर पॅरिसमध्ये फिर्मिन दिदो आणि पार्मामध्ये जाम्बातिस्ता बोदोनी (१७४० ते १८१३) यांनी तीच गोष्ट टोकाला नेली, उभी रेघ जाड, आडवी रेघ जवळजवळ नाहीच. म्हणजे आधी कागद, मग रेघ. आपल्याला पण हाच क्रम ठेवायचाय, फक्त आपला कागद कधी फ्लेक्स असतो, कधी ॲक्रिलिक, कधी मोबाईलची स्क्रीन.

पहिलं काम: हिशोब

फाँट काढायला बसायच्या आधी वहीत तीन गोष्टी लिहा. हे अक्षर कमीत कमी किती साइझला वापरणार, कशावर छापणार, आणि बघणारा किती लांब उभा असणार.

आता गणित. फाँटमध्ये अक्षराची चौकट साधारण १००० युनिटची धरतात. समजा काना १२० युनिट आणि बारीक रेघ २४ युनिट, म्हणजे पाचास एक. एक पॉइंट म्हणजे ०.३५३ मिलिमीटर. तर १२ पॉइंटला ही बारीक रेघ येते ०.१ मिमी, ३६ पॉइंटला ०.३ मिमी आणि ७२ पॉइंटला ०.६ मिमी. एवढं एकदा करून बघितलं की अर्धे प्रश्न तिथंच सुटतात.

कशावर किती रेघ टिकते त्याचे माझे अंदाजाचे आकडे देतो, तुमच्या प्रेसवाल्याला विचारून कमी-जास्त करा. आर्ट पेपरवर ऑफसेट असेल तर ०.१ मिमी चालून जाते. साध्या मॅपलिथो कागदावर ०.१५ च्या खाली जाऊ नका, शाई पसरते. स्क्रीन प्रिंटिंगची पत्रिका असेल तर ०.३. गोल्ड फॉइलला पण ०.२५ ते ०.३ धरा, त्याच्या खाली फॉइल तुटक तुटक बसतं, आणि अक्षरातली छोटी पोकळी असेल तर ती भरून जाते, हे जास्त वाईट. व्हिनाइल कटिंगला दीड-दोन मिमी पाहिजेच, नाहीतर सोलताना रेघ निघून येते. तीन मिमीच्या ॲक्रिलिक शीटवर लेझरनं अक्षर कापायचं तर बारीक रेघ तीन मिमीच्या खाली नेऊ नका, बसवतानाच तडकते. काळ्या किंवा मरून रंगावर पांढरं अक्षर काढायचं असेल तर वरचे छपाईचे सगळे आकडे दीडपट करा, कारण आजूबाजूची शाई रेघेत घुसते.

फ्लेक्सचं गणित वेगळं, तिथं छपाईपेक्षा डोळा महत्त्वाचा. चांगल्या नजरेच्या माणसाला एक मीटरवरून साधारण ०.३ मिमीची रेघ वेगळी कळते. तीस मीटरवरून म्हणजे रस्त्याच्या पलीकडून बघायचं असेल तर ९ मिमी. पण माणूस गाडीवर असतो, ऊन डोक्यावर असतं, मे महिन्यात बीड बायपासला काय उजेड असतो माहितीये ना, म्हणून दुप्पट धरा, १८ मिमी. २४ युनिटची रेघ १८ मिमी यायची तर अक्षराची चौकट पाऊण मीटरची पाहिजे. दहा बाय वीस फुटांच्या होर्डिंगवर एकच नाव असेल तर बसतं. पण त्याच होर्डिंगवर पंचवीस शुभेच्छुकांची नावं ह्याच फाँटमध्ये घालायची म्हणाल तर नाही होणार, ती साध्या फाँटमध्येच घाला.

म्हणूनच मोठ्या डिझाइनरांनी एकाच फाँटच्या साइझनुसार वेगवेगळ्या आवृत्त्या काढल्या. जोनाथन हॉफलर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्पर्स बझार मासिकासाठी दिदोचा फाँट नव्यानं काढला तेव्हा त्याच्या सात साइझच्या वेगळ्या फाईली केल्या, ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत, म्हणजे साइझ बदलला तरी छापलेली बारीक रेघ तेवढीच बारीक दिसते. तुम्ही एकटे काम करताय तर सात नको, दोन करा. एक मोठ्या साइझला २० युनिटची रेघ, एक मध्यम साइझला ४० ची. तेवढ्यानं लई काम होतं.

दुसरं काम: हातानं लिहा, माऊस नंतर

बोदोनीचा फाँट समोर ठेवून त्याचं देवनागरी करायला जाऊ नका. उभं जाड आणि आडवं बारीक हा रोमनचा हिशोब आहे, आपल्या अक्षरात जाड-बारीक बोरूतून, म्हणजे तिरक्या टोकाच्या लेखणीतून, आलंय आणि त्याचा कल रोमनच्या उलटा आहे. रोमनमधला मोठा ए बघा, उजवीकडे खाली उतरणारी तिरकी रेघ जाड असते. आता आपला र बघा, पोथीतला किंवा जुन्या खिळ्यांच्या छपाईतला, त्याची उजवीकडे खाली उतरणारी शेपटी बारीक असते. पाय मोडायची रेघ पण तशीच, बारीक. दिशा तीच, जाडी उलटी. हे डोक्यात नाही बसलं तर तुमचं अक्षर देखणं झालं तरी परकं दिसणार, बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही पण काहीतरी खटकत राहील.

बोरू मिळाला तर उत्तम. नसेल तर दोन पेन्सिली रबर बँडनं शेजारी शेजारी बांधा, आणि धरताना डाव्या पेन्सिलचं टोक वर, उजवीचं खाली, असा ४५ अंशाचा कल ठेवा, आणि हात न फिरवता व, र, त, स, ळ असे मोठे मोठे लिहा. दोन रेघांच्या मधली जागा म्हणजे तुमची जाडी. कुठं त्या दोन रेघा एकमेकींवर येतात ते बघा, तिथं बारीक. एक पान भरा, दहा पानं भरा, हात सांगतो ते स्क्रीनवर कळत नाही. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे, लांबच लांब कापडावर लिहिलेलं पंचीकरण म्हणजे वेदांतावरचं लिखाण, बघायची संधी मिळाली तर सोडू नका. कापड शाई पिणारं, तरी त्यावर अक्षर कसं सांभाळलंय ते अक्षरं काढणाऱ्यानं डोळे भरून बघावं असं आहे.

शिरोरेषा, इथं खरा निर्णय आहे

४५ अंशावर लेखणी धरली तर काना आणि शिरोरेषा दोन्ही सारख्याच जाड येतात, जुनी पद्धत ती. मग तुमच्यापुढं दोन वाटा. एक, शिरोरेषा जाड ठेवायची आणि बारीकपणा फक्त वळणात, सांध्यात, शेपटीत. ह्यात अक्षर भारदस्त दिसतं, लांबून शब्द एकत्र राहतो, पाटीसाठी मी हीच वाट घेतो. दुसरी, शिरोरेषाच बारीक करून टाकायची, बोदोनीच्या आडव्या रेघेसारखी. ह्यात नजाकत येते, फॅशनच्या कामाला, परफ्यूमच्या डबीला, मासिकाच्या नावाला शोभते, पण एक किंमत मोजावी लागते, ती म्हणजे काने सुटे सुटे उभे दिसायला लागतात आणि शब्द वाचायला अर्धा क्षण जास्त लागतो. मधली वाट पण असते, शिरोरेषा कान्याच्या निम्मी. मला मधली वाट बहुतेक वेळा ढिली वाटते, ना भारदस्त ना नाजूक, पण पत्रिकेच्या ३० ते ४० पॉइंटच्या नावाला ती चालते.

जे ठरवाल ते सगळ्या अक्षरांत तेच, अर्ध्यात बदलू नका.

अक्षरं कुठून सुरू करायची

अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं काढत बसू नका. आधी प, व, र, क, ठ, ळ एवढी सहा. प मधून काना आणि साधं वळण ठरतं, व मधून गोलाई, र मधून शेपटी, क मधून कान्याच्या दोन बाजूंचा तोल, ठ मधून बंद गोल. आणि ळ मधून तुमची परीक्षा.

ळ जरा जवळून बघू. दोन गोल शेजारी शेजारी, मधे त्यांचा सांधा, वरून शिरोरेषेची दांडी. जाड-बारीक फाँटमध्ये दोन्ही गोलांना सारखीच जाडी दिली की अक्षर चष्म्याच्या फ्रेमसारखं दिसतं, जाग्यावर गोठलेलं. डावा गोल थोडा लहान करा, उजवा थोडा मोठा आणि मोकळा, मधल्या सांध्यात रेघ एकदम बारीक होऊ द्या पण सांधा जिथं जुळतो तिथं आतून किंचित खरवडून काढा, नाहीतर छपाईत शाई साठून काळा ठिपका तयार होतो. उजव्या गोलाची शेपटी कुठं थांबते ते र च्या शेपटीशी जुळलं पाहिजे. ळ जमला की म आणि भ ची गाठ, श, ख, ह हे सगळे सोपे जातात. आणि मराठीत ळ शिवाय पान हलत नाही, तुळजापूर, परळी, कळंब, सगळीकडं तो आहेच, म्हणून त्याच्यावर वेळ घालवा.

गोलातली जाड जागा कान्यापेक्षा थोडी जास्त जाड लागते, १२० चा काना असेल तर गोल १२६ ते १३०, तेव्हा कुठं डोळ्याला दोन्ही सारखे वाटतात. अनुस्वाराचं टिंब कान्याच्या जाडीएवढं तरी हवंच, मोठ्या टायटलला थोडं जास्तच. वेलांटीचं वरचं वळण हे ह्या फाँटचं खरं सौंदर्य आहे, तिथं हात मोकळा सोडा, पण वेलांटी, रफार आणि टिंब एकावर एक आले की काय होतं ते लगेच तपासा. मूर्तीं, वर्षीं असे शब्द टाकून बघा.

सॉफ्टवेअर

पैसे असतील आणि मॅक असेल तर ग्लिफ्स, नसेल तर फाँटफोर्ज, ते फुकट आहे, दिसायला जुनाट पण काम पूर्ण करतं. नुसतं एखादं नाव काढायचं असेल, पूर्ण फाँट नकोच असेल, तर इंकस्केप किंवा कोरल पुरे. रेघेवरचे पॉइंट (नोड) कमीत कमी ठेवा आणि वळणाच्या टोकाला ठेवा, म्हणजे सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. स्कॅन करून ऑटो ट्रेस मारलेली अक्षरं ह्या स्टाइलला अजिबात चालत नाहीत, बारीक रेघेतला एक युनिटचा गचका पण दिसतो, जाड फाँटमध्ये तो खपून गेला असता.

फाँट पूर्ण करणार असाल तर मराठीची तपासणी वेगळी करा. ल आणि श ची मराठी रूपं हवीत, हिंदीवाली नकोत, दोन्ही ठेवायची तर भाषेप्रमाणे बदलणारं फीचर टाका. वऱ्हाड, कुऱ्हाड, दुसऱ्या यातला अर्धा र नीट आलाय का बघा, बऱ्याच फाँटमध्ये तो राहूनच जातो किंवा रफार होऊन बसतो. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं, त्यामुळं आधीच्या फाँटमध्ये ते नसतं, आणि आपल्याकडच्या बॅनरवर ॲड. लिहिल्याशिवाय वकील साहेबांचं नाव पूर्ण होत नाही. टेस्टसाठी आपल्याच भागातली नावं घ्या, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, वैद्यनाथ, अंबाजोगाई, धाराशिव, हिंगोली, राष्ट्रकूट. एकट्या घृष्णेश्वरमध्ये ऋकार, ष्ण आणि श्व सगळं एकदम निघतं, तो शब्द सुंदर दिसला की फाँट बराचसा झाला म्हणून समजा.

अंतराचं म्हणाल तर कान्या-कान्यामधली पांढरी जागा बघा, जाड काने असल्यामुळं ते एकमेकांजवळ आले की काळा पट्टा होतो. 'बाबा', 'मामा' सारख्या शब्दात दोन काने लागून येतात, तिथं आधी तपासा.

मग प्रिंट काढा. खऱ्या साइझला. भिंतीला लावा आणि खरंच लांब जाऊन बघा. त्याच प्रिंटची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स, त्यात जी रेघ मेली ती साध्या छपाईत पण मरणार. आणि एक फोटो काढून व्हॉट्सॲपवर दोन जणांकडून फिरवून परत मागवा, कारण आजकाल पत्रिका छापली कमी जाते, फॉरवर्ड जास्त होते.

स्वतः काढायचा नाहीये, नुसता वापरायचाय

मग गूगल फाँट्सवर रोझा वन आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही, जाड-बारीक अगदी ठसठशीत, एकच वजन म्हणजे जाडीचा एकच प्रकार. 'एक टाइप' नावाच्या फाउंड्रीचा जैनी आहे, कल्पसूत्राच्या जैन पोथ्यांच्या अक्षरावरून घेतलेला, त्यात बोरूचा बाज जास्त आहे, मंदिराच्या, उत्सवाच्या, पुस्तकाच्या कामाला तो बसतो. दोन्ही ओपन लायसन्सचे, धंद्याच्या कामाला पण वापरता येतात. प्लेफेअर डिस्प्ले बघून भुलू नका, त्यात देवनागरी नाहीच, तुम्ही मराठी टाइप केलं की कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फाँट लावतो.

जाड-बारीक फाँट एका पानावर एकाच कामाला. पत्रिकेत वधू-वरांची नावं त्यात, बाकी सगळं, मुहूर्त, स्थळ, प्रेषक, साध्या फाँटमध्ये, मुक्ता घ्या किंवा थोडा पुस्तकी बाज हवा तर तिरो देवनागरी मराठी घ्या. साइझमध्ये पण तिपटीचा फरक ठेवा, नाव ४८ ला असेल तर मजकूर १४-१५ ला. ओळी दोन असतील तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या भिडतात का बघा, साइझच्या १.३ पट अंतर ठेवलं की बहुतेक वेळा निभतं. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह सोडा, रोमनमध्ये ते छान दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

फोटोवर हा फाँट टाकू नका. टाकायचाच असेल तर वेरूळच्या लेण्याच्या सावलीसारखी एकरंगी शांत जागा फोटोत शोधा आणि तिथंच टाका. शॅडो, बेव्हल, ग्रेडियंट, ग्लो यातलं काहीही नको. सोनेरी ग्रेडियंटमध्ये बारीक रेघ फिकट टोकाकडं आली की संपली, एकच सपाट रंग द्या, मरूनवर फिकट सोनेरी किंवा पांढऱ्यावर काळा.

छपाईच्या दुकानात दुकानदाराचं हमखास एक वाक्य ऐकायला मिळतं, "भैय्या, ही रेघ दिसंनाच की, जरा बोल्ड करू का?" त्या माणसाचं निरीक्षण बरोबर असतं, उपाय चुकीचा असतो. आउटलाइन मारली की जाड रेघ पण वाढते आणि बारीक पण, पाचास एकचं प्रमाण अडीचास एक होऊन जातं, आतल्या पोकळ्या बुजतात. त्याऐवजी त्याला म्हणा, काका, अक्षर मोठं करू, मजकूर कमी करू. साइझ वाढवायला जागाच नसेल तर फाँट बदला, सरळ एकसारख्या जाडीचा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

फाईल देताना टायटल कर्व्हमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांऐवजी नुसत्या आकारांमध्ये, बदलून द्या. आपल्याकडं अजून कितीतरी दुकानात श्रीलिपीवर काम चालतं, ते जुन्या कोडिंगचे फाँट आणि तुमचा युनिकोड यांचं जमत नाही, उघडल्यावर भलतीच अक्षरं दिसतात आणि घाईत तो माणूस त्याच्याकडचा जवळचा फाँट लावून मोकळा होतो. कर्व्ह केलेली पीडीएफ द्या, सोबत एक जेपीजी द्या म्हणजे असं दिसायला पाहिजे हे त्याच्यासमोर राहील, आणि मूळ टाइप केलेली फाईल तुमच्याकडं ठेवा, तारीख किंवा नाव बदलायला लागतंच. फ्लेक्स असेल तर पूर्ण छापायच्या आधी नावातल्या सगळ्यात बारीक रेघेचा हातभर तुकडा खऱ्या साइझला काढून मागा, दुकानाबाहेर खांबाला बांधा आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघा. दिसली तर छापा म्हणायचं.